'डम्प': ओझे उतरविण्याच्या दोन तऱ्हा

'अनलोड' आणि 'डम्प' ही दोन्ही इंग्रजी क्रियापदे ओझे उतरविण्याशी संबंधित आहेत. मात्र त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. गोदीत जहाजावरील माल 'अनलोड' होतो, तेव्हा तो मोजून कोणाच्या तरी स्वाधीन केला जातो. 'डम्प' करणारा मात्र मागे वळून पाहात नाही. या शब्दाचे मूळ बहुधा स्कॅन्डिनेव्हियन असावे, असे कोशकार मानतात. तेथील भाषांत त्याच्याशी मिळतेजुळते शब्द 'धपकन पडणे' या अर्थाने येतात.

खडी-माती एका झटक्यात ओतणारा ट्रक म्हणजे 'डम्पर'. संगणकाच्या स्मृतीतील मजकूर निवड न करता जसाच्या तसा साठविला, की तो 'मेमरी डम्प'. प्रेमसंबंध एकतर्फी तोडणाऱ्याने जोडीदाराला 'डम्प केले', असे तरुणाई सर्रास म्हणते. या वापरात बेपर्वाईची छटा स्पष्ट जाणवते.

व्यापारात मात्र या शब्दाला काटेकोर अर्थ आहे. माल केवळ स्वस्त असला म्हणून ते 'डम्पिंग' ठरत नाही. निर्यातदाराच्या स्वतःच्या बाजारपेठेतील सामान्य मूल्यापेक्षा कमी दराने तो परदेशात विकला गेला पाहिजे. १९४७ च्या 'गॅट' करारातील सहाव्या कलमाने आयातदार देशाला अशा मालावर शुल्क लावण्याची मुभा दिली. मात्र त्यासाठी देशी उद्योगाची हानी त्यामुळेच झाली, हेही दाखवावे लागते.

मुंबईकरांना हा शब्द परिचित आहे तो 'डम्पिंग ग्राउंड'मुळे. देवनार येथे १९२७ पासून शहराचा कचरा टाकला जाऊ लागला. जानेवारी २०१६ मध्ये तेथे भडकलेल्या आगीचा धूर अनेक उपनगरांवर पसरला. त्याच वर्षीच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दोन संज्ञांतील भेद स्पष्ट केला. कचऱ्याची शास्त्रोक्त भराव पद्धत न पाळता जेथे कचरा टाकला जातो, ती 'डम्पसाइट'. भूजल, हवा आणि परिसर यांचे रक्षण होईल, अशा सोयी करून उरलेला कचरा पुरणे म्हणजे शास्त्रोक्त भराव.

म्हणूनच 'डम्पिंग ग्राउंड' हे केवळ जागेचे नाव नाही. कचरा आपल्या दारातून गेला, की तो कोणाच्या दारात पडतो याचा विचार झालेला नाही, याची कबुलीच त्या नावात आहे.