बँकेच्या परीक्षेतील इंग्रजी : शब्द परके, व्यवहार आपलाच

राज्याच्या ग्रामीण भागातील पदवीधर तरुणांना बँकेतील लिपिकाच्या नोकरीचे आकर्षण पूर्वीइतकेच आजही आहे. सार्वजनिक क्षेत्रातील बहुतेक बँकांच्या भरतीसाठी २०११ पासून आयबीपीएस या संस्थेमार्फत सामाईक परीक्षा घेतली जाते. लिपिक संवर्गाची ही परीक्षा इंग्रजी व हिंदीबरोबरच १३ प्रादेशिक भाषांतूनही घेण्यात यावी, अशी शिफारस केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये केली. त्यामुळे गणित व तर्कशक्ती या विषयांचे प्रश्न मराठीतून सोडविण्याची वाट मोकळी झाली, ही समाधानाची बाब होय. मात्र इंग्रजी भाषेचा विभाग इंग्रजीतच राहिला आहे. मराठी माध्यमातून शिकलेला, एरवी हुशार असलेला उमेदवार अनेकदा अडतो तो याच ठिकाणी. चुकीच्या प्रत्येक उत्तरामागे पाव गुण कापला जात असल्याने केवळ अंदाजावर हा विभाग पार करणेही परवडत नाही.

या विभागातील उतारे बहुधा अर्थव्यवहाराविषयीचे असतात. चलनवाढ, पतपुरवठा, रोजगार, कर, लघुउद्योग हे त्यांचे नेहमीचे विषय. ते वाचताना अडचण येते ती अवघड शब्दांची असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः अवघड शब्द विद्यार्थी पाठ करतोच. फसवतात ते ओळखीचे शब्द. ‘इंटरेस्ट’ म्हणजे आवड हे त्याने पाचवी-सहावीतच शिकलेले असते. पण उताऱ्यात त्याचा अर्थ व्याज असतो आणि पुढच्याच परिच्छेदात तो हितसंबंधही होतो. ‘प्रिन्सिपल’ हे शाळेचे मुख्याध्यापक, तसेच कर्जाचे मुद्दलही. ‘सिक्युरिटी’ म्हणजे फाटकावरचा रखवालदार एवढेच ज्याला ठाऊक, त्याला तारण किंवा सरकारी रोखा हा अर्थ सुचावा कसा? ‘सँक्शन’ या शब्दाची तऱ्हा तर आणखी निराळी. कर्जाला सँक्शन मिळते तेव्हा ती मंजुरी असते. एखाद्या देशावर सँक्शन्स लादले जातात तेव्हा ते निर्बंध असतात. एकाच शब्दाला एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे दोन अर्थ असावेत, हे त्या भाषेचे वैशिष्ट्य समजून सोडून द्यावे.

ज्ञान आधीच घरात आहे

येथे शिक्षकांच्या ध्यानी एक गोष्ट आणून द्यावीशी वाटते. ज्या विद्यार्थ्याला हे शब्द परके वाटतात, त्याला त्यामागील व्यवहार बहुधा परका नसतो. विकास सोसायटीच्या सभासदाच्या घरात वाढलेल्या मुलाला येणे बाकी आणि थकबाकी यांतील फरक कोणी शिकवावा लागत नाही. कर्ज घेतले, मुदत अजून संपायची आहे, ती येणे बाकी. मुदत टळून गेली, ती थकबाकी. इंग्रजीत पहिलीला ‘आउटस्टँडिंग’ म्हणतात आणि दुसरीला ‘ओव्हरड्यू’. ‘आउटस्टँडिंग’ म्हणजे उल्लेखनीय, नामांकित, एवढाच अर्थ पाठ केलेला मुलगा ‘आउटस्टँडिंग लोन’ म्हणजे उत्तम कर्ज अशी समजूत करून घेतो. त्याला वडिलांच्या सोसायटीतील उतारा दाखविला, तर हा घोटाळा एका मिनिटात मिटतो.

तारणाच्या शब्दांचेही असेच आहे. ‘मॉर्गेज’, ‘प्लेज’ आणि ‘हायपॉथिकेशन’ या तिहींना विद्यार्थी सरसकट गहाण म्हणून मोकळे होतात. कायद्याने मात्र हे तीन व्यवहार वेगळे मानले आहेत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार ‘मॉर्गेज’ हे जमीन, घर अशा स्थावर मालमत्तेचे असते. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात ‘प्लेज’ची व्याख्या आहे, त्यात जंगम वस्तू तारण म्हणून प्रत्यक्ष सावकाराच्या वा बँकेच्या ताब्यात द्यावी लागते. दागिने बँकेत ठेवून काढलेले सोनेतारण कर्ज हे त्याचे रोजचे उदाहरण. ‘हायपॉथिकेशन’मध्ये वस्तू कर्जदाराकडेच राहते, हक्क बँकेचा राहतो. ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या दारात उभा असतो, त्याने तो वापरावयाचा असतो. परंतु नोंदणीपत्रावर बँकेचे नाव चढलेले असते. आपल्या सहकारी बँकांच्या कागदोपत्री याला नजरगहाण असा सुरेख शब्द रूढ आहे. वस्तू नजरेसमोर, पण गहाण! इंग्रजी शब्दापेक्षा हा मराठी शब्द अधिक बोलका आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

शब्दांच्या शेपट्यांकडेही लक्ष द्यावे. ‘एम्प्लॉयर’ आणि ‘एम्प्लॉयी’, ‘लेसर’ आणि ‘लेसी’, ‘मॉर्गेजर’ आणि ‘मॉर्गेजी’ अशा जोड्यांत पहिला शब्द कृती करणाऱ्याचा आणि दुसरा ती ज्याच्या बाबतीत होते त्याचा. आपल्या दस्तऐवजांत ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ अशी जोडी असते, तिच्याशी हे ताडून पाहावे. गहाणखतात लिहून देणार तो ‘मॉर्गेजर’, म्हणजे कर्जदार. लिहून घेणार तो ‘मॉर्गेजी’, म्हणजे धनको. मॉर्गेज देते ती बँक, असे रोजच्या बोलण्यात म्हटले जात असल्याने बहुतेक उमेदवार येथे उलट उत्तर देतात.

क्रियापदांची जोडी

गाळलेल्या जागा भरण्याच्या प्रश्नांत नामापेक्षा क्रियापदाची परीक्षा अधिक होते. मराठीत आपण कर्ज काढतो, म्हणून इंग्रजीत काढण्याचे क्रियापद वापरले तर अर्थ कर्ज नाहीसे करणे असा होईल. तेथे कर्ज ‘टेक’ किंवा ‘रेझ’ केले जाते, ‘रिपे’ करून फेडले जाते. व्याज ‘चार्ज’ होते, कर ‘लेव्ही’ होतो, राजीनामा ‘टेंडर’ केला जातो आणि धनादेश वटला तर तो ‘ऑनर’ होतो, न वटल्यास ‘डिसऑनर’. मराठीतही असे चकवे आहेतच. हिशेब चुकता केला म्हणजे पैसे दिले, पण कर चुकवला म्हणजे ते दिलेच नाहीत! तेव्हा इंग्रजीला एकटीला दोष देण्याचे कारण नाही. शब्द सुटा न शिकता त्याच्या क्रियापदासह शिकावा, एवढाच याचा अर्थ.

नोकरीविषयक शब्दांत अधिकारी वर्गाला विद्यार्थ्यांचे साहाय्य करता येईल. ‘ले-ऑफ’ म्हणजे काम नसल्यामुळे कामगाराला काही काळ बसवून ठेवणे, ‘रिट्रेंचमेंट’ म्हणजे कपात, आणि ‘डिसमिसल’ म्हणजे शिक्षा म्हणून केलेली बडतर्फी. यांतील पहिल्या दोहोंत कामगाराचा दोष नसतो. शासकीय सेवेत तर ‘रिमूव्हल’ आणि ‘डिसमिसल’ यांतही भेद आहे. सेवेतून काढून टाकलेला इसम पुढे शासकीय नोकरीस अपात्र ठरत नाही. बडतर्फ झालेला सर्वसाधारणपणे ठरतो. आस्थापना शाखेत काम केलेल्या कोणत्याही कर्मचाऱ्याला हे मुखोद्गत असते, पण स्पर्धा परीक्षेच्या वर्गात ते सांगण्यास त्याला कोणी बोलावीत नाही.

महागाईविषयीच्या उताऱ्यांत भाषेबरोबर अंकगणितही लागते. चलनवाढीचा दर ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला, याचा अर्थ भाव उतरले असा नव्हे. पहिल्या वर्षाच्या आरंभी १०० रुपयांना मिळणारी वस्तू वर्षअखेर १०६ रुपयांना आणि दुसऱ्या वर्षअखेर ११० रुपये २४ पैशांना मिळेल. भाव वाढलेच, वाढीचा वेग तेवढा मंदावला. यास इंग्रजीत ‘डिसइन्फ्लेशन’ म्हणतात. भाव प्रत्यक्ष उतरू लागले तरच ‘डिफ्लेशन’. रिझर्व्ह बँकेच्या व्याजदराच्या बातम्यांतील ‘बेसिस पॉइंट’ हा एका टक्क्याचा शंभरावा भाग. २५ बेसिस पॉइंटांची वाढ म्हणजे पाव टक्का.

शब्दांच्या मूळ कथा रंजक असतात आणि काही लक्षात राहण्यास उपयोगीही पडतात. ‘ऑडिट’ हा शब्द ऐकणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला, कारण पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून दाखवीत व तपासनीस ते ऐकत. ग्रामसभेत जमाखर्चाचे वाचन ऐकलेल्यास हे नवे वाटू नये. ‘बजेट’ म्हणजे मुळात चामड्याची लहान थैली. अशा चार-दोन कथा पुरेत. त्यांत रमून परीक्षेची तारीख विसरता कामा नये.

साधने

बाजारातील हजार शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा अभ्यासाची अधिक चांगली साधने गावातच उपलब्ध आहेत. राष्ट्रीयीकृत बँकेची पैसे भरण्याची चिठ्ठी व खाते उघडण्याचा अर्ज मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत छापलेला असतो. तो एक लहानसा कोशच होय. ग्रामपंचायतीचा नमुना १ हा अर्थसंकल्पाचा, नमुना ५ रोकड वहीचा आणि नमुना ८ कर आकारणीचा. त्यांतील प्रत्येक रकान्याचे मराठी शीर्षक घेऊन त्याचा इंग्रजी पर्याय शोधण्याचा स्वाध्याय शिक्षकांना देता येईल. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर राज्याच्या भाषा संचालनालयाने शासन व्यवहार कोश आणि अर्थशास्त्र, वाणिज्यशास्त्र इत्यादी विषयांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले. ते इंग्रजीतून मराठीत येण्यासाठी तयार झाले असले, तरी ज्याला मराठी व्यवहार समजतो त्याला इंग्रजीकडे जाण्यासही ते तितकेच उपयोगी आहेत.

विद्यार्थ्याने एक वही घालावी. डाव्या पानावर शब्द ज्या इंग्रजी वाक्यात भेटला ते संपूर्ण वाक्य, उजव्या पानावर मराठी शब्द आणि तो आपण कोणत्या कागदावर पाहिला त्याची नोंद. रोज पाच नोंदी झाल्या, तरी सहा महिन्यांत सुमारे ९०० होतात. ज्या ग्रामपंचायतींनी अभ्यासिका चालविल्या आहेत, त्यांनी कोरे त्रिभाषिक अर्ज, सोसायटीचे छापील वार्षिक अहवाल आणि एखादे इंग्रजी दैनिक तेथे ठेवावे. वार्षिक अहवालाच्या मागील पानांवरील ताळेबंद मुलांनी स्वतः इंग्रजीत उतरवावा आणि तो सोसायटीच्या सचिवांकडून किंवा शाखेतील एखाद्या बँक कर्मचाऱ्याकडून तपासून घ्यावा.