बाजाराची भीती

मावशीनं पिशवी आदल्या रात्रीच भरून ठेवली होती. खण, नारळ, हळद-कुंकवाच्या पुड्या. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, ७ ऑक्टोबर २०२१. राज्यातली देवळं त्याच दिवशी पुन्हा उघडणार होती. फुलसावंगी यवतमाळ जिल्ह्यातलं, महागाव तालुक्यातलं गाव. पण पैनगंगा ओलांडली की माहूर, त्यामुळे इथल्या बायकांचं नवरात्र रेणुकेच्या पायरीशीच पुरं होतं. मावशीचं दर्शन दीड वर्षापासून राहिलं होतं.

स्टँडवर गाडी लागली. दाराशी रेटारेटी झाली, कुणी तरी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, एक माणूस खोकला. मावशी उभी होती तिथूनच मागे फिरली. घरी येऊन पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "मले कायी झालं नायी. गर्दी पायली अन् जीव घाबरून आला."

तिला ताप नव्हता. लसीचे दोन्ही डोस झाले होते. तासाभरापूर्वी ती उत्साहानं वेणी घालत होती. तरीही बसच्या पायरीवर तिच्या छातीत धडधड सुरू झाली, तळहात ओले झाले, पायातलं बळ गेलं. करोनाची साथ ओसरत होती तेव्हा असं होणारी ती एकटी नव्हती. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०२१ च्या सुरुवातीला पाहणी केली, तेव्हा ४९ टक्के प्रौढांनी सांगितलं, की साथ संपल्यावर पुन्हा माणसांत मिसळण्याच्या विचारानं आम्हाला अस्वस्थ वाटतं. मौज पुढेच आहे. ज्यांनी लस घेतली होती, त्यांच्यातही हे प्रमाण ४८ टक्के होतं. लस दंडात टोचली जाते, भीती दुसरीकडेच बसलेली असते.

फ्लोरिडातले मनोविकारतज्ज्ञ आर्थर ब्रेगमन यांनी या अवस्थेला 'केव्ह सिंड्रोम' म्हटलं. गुहेत शिरलेला माणूस बाहेर यायला बिचकतो, तसं. नाव वर्तमानपत्रांना आवडलं, आजारांच्या अधिकृत यादीत मात्र ते नाही. आणि मला ते शहरी वाटतं. गुहा कुणाची? ज्याला लॅपटॉपवर काम करता आलं, त्याची. इथं २०२० च्या खरिपात पेरणी झाली, डवरे चालले, कापूस वेचायला बाया गेल्या. शेतात मावशीला कधीच भीती वाटली नाही. भीती होती ती नेमक्या ठिकाणांची: गाडी, दवाखाना, लग्नाचा मांडव, आठवडी बाजार. म्हणून इथे ओळखायलाही ती अवघड गेली. रोज शेतात जाणाऱ्या बाईला घराबाहेर पडायची भीती वाटते, हे कोण मानेल?

यावरून दीडशे वर्षांपूर्वीचा एक शब्द आठवतो. १८७१ मध्ये बर्लिनचे डॉक्टर कार्ल वेस्टफाल यांनी काही रुग्णांचं वर्णन केलं. माणसं धडधाकट, पण मोकळा चौक ओलांडायची वेळ आली की त्यांना धडकी भरायची. सोबतीला कुणी असलं की तेवढी भरायची नाही. वेस्टफालनी या भीतीला 'अगोराफोबिया' म्हटलं. ग्रीक भाषेत अगोरा म्हणजे लोक जमतात ती जागा, बाजारपेठ. शब्दाचा सरळ अर्थ बाजाराची भीती. आजच्या निदान-पुस्तकात या विकाराच्या पाच जागा दिल्या आहेत: सार्वजनिक वाहनं, मोकळी मैदानं, बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटं असणं. यांतल्या किमान दोन ठिकाणी भीती वाटावी लागते, साधारण सहा महिने किंवा जास्त टिकावी लागते आणि रोजच्या जगण्यात आडवी यावी लागते. मावशीला अगोराफोबिया होता असं मी म्हणत नाही, तो निवाडा डॉक्टरांचा. पण तिची एसटी आणि तिचा बाजार या यादीत आहेत.

ही भीती शरीरात तयार कशी होते? मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग आहे, अमिग्डला. धोक्याशी कोणकोणत्या गोष्टी जोडून आल्या याची नोंद ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. एप्रिल २०२१ मध्ये मावशीच्या गल्लीतून एकशे आठची गाडी शेजारणीला घेऊन गेली. शेजारीण परत आली नाही. त्या दिवशीचा सायरन, सॅनिटायझरचा वास, तोंडं बांधलेली माणसं, दाराशी झालेली गर्दी हे सगळं एका गाठीत बांधलं गेलं. पुढे त्यातलं एक टोक जरी ओढलं, तरी अख्खी गाठ हलते. कुणी खोकलं की अमिग्डला विचार करणाऱ्या मेंदूच्या आधी घंटा वाजवतो, ॲड्रेनलिन सुटतं आणि पळायची तयारी होते. पळायचं कशापासून, हा प्रश्न नंतर पडतो.

पण नुसत्या या गाठीनं भीती वर्षभर टिकत नाही. तिला खतपाणी लागतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ओ. होबार्ट मौरर यांनी १९४७ मध्ये ते दाखवून दिलं. भीती आधी जोडणीतून शिकली जाते. मग माणूस ती जागा टाळतो आणि टाळल्याबरोबर त्याला हायसं वाटतं. ते हायसं वाटणं हेच बक्षीस. स्टँडवरून परतून मावशी ओट्यावर टेकली, पाणी प्याली आणि "आता बरं वाटते" म्हणाली. त्या एका घोटात तिचा मेंदू पक्कं शिकला, की बस सोडली म्हणून वाचलो. बसमध्ये बसून काहीच झालं नसतं, हे कळायची संधीच त्यानं तिला दिली नाही.

आपल्या भागाच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली, आणि ती पुण्या-मुंबईच्या लेखांत वाचायला मिळत नाही. यवतमाळ जिल्ह्यानं करोना मार्च २०२० मध्येच पाहिला. दुबईहून परतलेल्या पर्यटकांपैकी काही जण इथले होते. मग वर्ष सरलं. जानेवारी २०२१ मध्ये लोक सैलावले, लग्नं धडाक्यात लागली. आणि फेब्रुवारीत दुसरी लाट राज्यात सगळ्यात आधी उसळली ती अमरावती, अकोला, यवतमाळ या पट्ट्यात. देश अजून निवांत होता तेव्हा आमच्याकडे पुन्हा दुकानं बंद झाली. शिकण्याच्या शास्त्रात याला फार महत्त्व आहे. पावलॉव्हच्या कुत्र्यांना खूण दिली आणि अन्न दिलं नाही, असं वारंवार केलं की लाळ गळणं थांबायचं. पण काही काळ जाऊ दिला की तीच खूण पुन्हा लाळ आणायची. म्हणजे जुनी शिकवण पुसली गेलेली नव्हती, दबली होती. भीतीचंही तसंच. आणि दबलेल्या भीतीला मध्येच एक खरा धक्का बसला, तर ती दुप्पट जोमानं उठते. पहिल्यांदा सैल सोडलं आणि लगेच फटका बसला, हा धडा विदर्भातल्या लोकांनी ताजा घेतला होता. अशा माणसाला ऑक्टोबरमध्ये "आता सगळं नॉर्मल झालं" म्हणून सांगायचं, तर तो मान हलवतो आणि घरीच बसतो. त्याला मी घाबरट म्हणणार नाही. तो हुशार विद्यार्थी आहे, धडा तेवढा जुना झालाय.

मुलांचं तर विचारूच नका. गावोगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळा २०२० च्या उन्हाळ्यात मुंबई-पुण्याहून परतलेल्यांसाठी विलगीकरणाच्या जागा झाल्या होत्या. "तिकडं जाऊ नको, तिथं बाहेरचे लोकं ठेवले हायेत," असं ज्या इमारतीबद्दल पोरांना बजावलं, त्याच इमारतीत नंतर दप्तर घेऊन जायचं होतं. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं पोर १ डिसेंबर २०२१ ला पहिल्यांदा वर्गात बसलं, तेव्हा ते दुसरीत होतं. जानेवारीत शाळा पुन्हा बंद, २४ तारखेला पुन्हा सुरू. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात मार्क बाउटन यांनी वर्षानुवर्षं उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की भीती एका खोलीत शमली म्हणून दुसऱ्या खोलीत शमत नाही. 'धोका टळला' हे शिकणं जागेला चिकटून असतं, 'धोका आहे' हे मात्र सगळीकडे सोबत येतं. घरात धीट असलेलं पोर वर्गाच्या दारात का रडतं, याचं उत्तर त्या उंदरांकडे आहे.

गर्दीची भीती आणि माणसांची ओढ एकाच वेळी असू शकते, हेही लक्षात घ्यायला हवं. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत लिविया टोमोव्हा आणि सहकाऱ्यांनी ४० जणांना १० तास एकटं ठेवलं. नंतर एकत्र हसणाऱ्या-बोलणाऱ्या माणसांची चित्रं दाखवली, तेव्हा मध्यमेंदूचा जो भाग पेटून उठला, तोच भाग १० तास उपाशी राहिल्यावर जेवणाची चित्रं पाहून पेटत होता. म्हणजे माणसांची भूक लागते ती शब्दश: भूक. मावशीच्या बोलीत याला अचूक शब्द आहे: करमत नाही. स्टँडवर जीव घाबरतो आणि घरात करमत नाही. दोन्ही एकाच बाईला, एकाच दुपारी.

मग उपाय काय? तो १९२४ पासून माहीत आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या लहानग्याची सशाची भीती घालवली. त्याला आवडीचा खाऊ द्यायचा आणि पिंजरा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवायचा. हळूहळू पिंजरा जवळ येत गेला, शेवटी पोरानं सशाला कुरवाळलं. आजची भीतीवरची उपचारपद्धती याच वाटेनं पुढे आली. टाळलेल्या जागेकडे पायरी-पायरीनं जायचं, प्रत्येक पायरीवर धडधड आपसूक ओसरेपर्यंत थांबायचं, आणि जे होईल असं वाटत होतं ते झालं नाही, याची मेंदूला नोंद करू द्यायची. जुनी गाठ सुटत नाही. तिच्यावर नवी वीण चढते.

गावाकडे या पायऱ्या आयत्या असतात. गिरणी, कटलरीचं दुकान, बाजाराची कड, बाजाराचा मध्य, मग तालुक्याची गाडी. पण त्या वर्षी नेमकी एक पायरी गायब झाली. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांवर इथं मत देत नाही. पण गाडी नाही म्हणजे उरली काळी-पिवळी. तिच्यात माणसं कशी कोंबतात हे ज्यानं पाहिलंय, त्याला सांगायला नको. एसटीला बिचकणाऱ्या बाईसाठी ती पुढची पायरी नव्हतीच, ती गच्चीवरून उडी होती.

मीही एक उडी मारायला लावली. १ एप्रिल २०२२ पासून राज्यातले निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. त्याच उन्हाळ्यात नात्यातलं लग्न होतं. "काय होते त्यानं, चल" म्हणत मी मावशीला हाताला धरून मांडवात नेलं, ऐन अक्षतांच्या गर्दीत. पाच मिनिटांत ती मांडवामागे, भांड्यांच्या ढिगाशी बसलेली सापडली. पदर तोंडावर, श्वास वरवर. त्यानंतर दोन महिने ती कुठल्या लग्नाला गेली नाही. पिंजरा एकदम मांडीवर ठेवला तर काय होतं, ते मी स्वत: करून पाहिलं.

नंतर तिनंच आपली वाट काढली, कुणी शिकवलं नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी आठला जायची, दुकानं लागत असताना, पालं ताणली जात असताना. मिरच्या घ्यायच्या नि परत. पुढच्या बाजाराला नऊला. मग पोरीला सोबत घेऊन अकराला. सोबतीनं भीती उतरते, हे वेस्टफालच्या रुग्णांनीही सांगितलं होतं. मास्क तिनं ठेवला, आणि मी त्यावर बोललो नाही; साखरेचा आजार असलेल्या बाईनं गर्दीत मास्क लावणं याला विकार म्हणता येत नाही.

ज्यांना अशी वाट सापडत नाही, त्यांच्यासाठी मदत लागते, आणि ती मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडेच मिळते असं नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून तयार केलं, त्यांनी घरी जाऊन लोकांशी बोलणं सुरू केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे करोनाच्या आधीचं. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस सेवा सुरू आहे, १४४१६ हा मोफत क्रमांक, मराठीतही बोलता येतं. फोनवर 'चिंताविकार' म्हणायची गरज नाही. जीव घाबरते, झोप लागत नाही, करमत नाही, एवढं सांगितलं तरी पुरतं.

२०२२ चं नवरात्र सरलं, गर्दी ओसरली, आणि एका मंगळवारी मावशी सकाळच्या गाडीनं माहूरला गेली. खिडकीची जागा, शेजारी मी. नदीच्या पुलावर तिनं दोन्ही हातांनी समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला होता, मग एक हात सोडला. गडावर पायऱ्या चढताना तीनदा थांबली, म्हणाली गुडघ्यामुळे. दर्शन झालं, खण-नारळ वाहिला. तांबुलाची पुडी पुढे आली तेव्हा तिनं आधी देणाऱ्याच्या हाताकडे पाहिलं, मग पुडी घेतली आणि पदराला गाठ मारून ठेवली.

ती गाठ परतीच्या वाटेवर सुटली नाही. घरी आल्यावर ओट्यावर बसून तिनं ती सोडली, अर्धा तांबूल मला दिला, अर्धा स्वत: खाल्ला आणि म्हणाली, "कात जास्त झाला औंदा."