चिकटवहीत लोणार

पँटच्या खिशात विसरलेली नोट धुलाईतून बाहेर येते ती चुरगळलेली, पण शाबूत. त्याच खिशातल्या बसच्या तिकिटाचा मात्र लगदा होऊन अस्तराला चिकटलेला असतो. दोन्ही म्हटलं तर कागदच. पण नोटेचा कागद कापसाचा आणि तिकिटाचा लाकडाचा. चिकटवहीचं पान सजवायला बसणाऱ्याने एवढं लक्षात ठेवलं, तरी पुढची निम्मी कामं सोपी होतात. हातकागद हा कुळाने कापडाचा भाऊ आहे. त्याच्याशी कापडासारखं वागावं, कार्डशीटसारखं नव्हे.

बुलढाणा जिल्ह्यात हे कुणाला वेगळं सांगायला नको. आता सोयाबीनने पऱ्हाटीची बरीच जागा घेतली असली, तरी खामगाव-मलकापूरचा पट्टा कापसावरच मोठा झाला. देशातल्या मोठ्या कापूस बाजारांत एके काळी खामगावचं नाव होतं. जलंबहून खामगावपर्यंत 1870 मध्ये रेल्वेचा फाटा ओढला गेला, तो प्रवाशांच्या सोयीपेक्षा गाठींसाठी. पण शेतातून आणलेली रुई पाण्यात घुसळली म्हणून तिचा कागद होत नाही. रुईवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे ती पाणीच नीट पीत नाही. शिवाय तिचे तंतू इतके लांब, की हौदात एकमेकांत गुंतून त्यांच्या गुठळ्या होतात. कागदाला लागतो तो वापरून झालेला, धुतलेला, आखूड झालेला कापूस. म्हणजे चिंध्या. आज हातकागदाच्या कारखान्यांत टी-शर्ट आणि बनियनच्या कापणीत उरलेले तुकडे वापरतात, होजिअरी कटिंग म्हणून ते पोत्यांनी विकले जातात. कापूस आपल्याकडून जातो, कापड होतो, आणि त्याची कात्रणं मग कागद होतात.

आपल्या भागाला हा धंदा नवा नाही. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतो. मुहम्मद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा आलेल्या कागद्यांची ही वस्ती, असं तिथे सांगतात. दौलताबादी आणि जुन्नरी कागदाची नावं मराठी दप्तरांच्या अभ्यासकांना पाठ असतात, कारण पेशवे दप्तरातली मोडी कागदपत्रं अशाच कागदांवर टिकून राहिली. सिंदखेड राजाच्या लखुजी जाधवरावांचा घात 1629 मध्ये झाला तो याच दौलताबादच्या किल्ल्यात. सिंदखेडचं पान सजवताना दौलताबादी पद्धतीच्या कागदाचा तुकडा लावावा असं मला वाटतं, ते एवढ्याचसाठी. दाखवेगिरी म्हणा हवं तर.

गिरण्यांच्या स्वस्त कागदापुढे हातकागद मागे पडत गेला, तेव्हा त्याला हात दिला गांधीजींच्या ग्रामोद्योग चळवळीने. 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत इतर उद्योगांबरोबर कागदाचे प्रयोग सुरू झाले. पुण्यात के. बी. जोशींनी हेच काम शास्त्रशुद्ध पायावर नेलं. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचं उद्घाटन 1 ऑगस्ट 1940 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. अमेरिकेतून कागदाचा अभ्यासक डार्ड हंटर त्याच सुमारास हिंदुस्थानात येऊन कागद्यांची गावं पाहत हिंडला आणि 1939 मध्ये त्याने त्यावर पुस्तक काढलं. बाहेरच्याला जे बघायला समुद्र ओलांडावासा वाटला, ते आपल्याकडे तोवर मोडीत निघालं होतं.

आता कागद होतो कसा ते थोडक्यात, कारण कात्री कशी चालवायची ते यावरच ठरतं. चिंध्या निवडून बारीक कापतात, मग बीटरमध्ये पाण्यासोबत कुटून त्यांचा लगदा करतात. तो हौदात पातळ करून त्यात जाळीचा साचा बुडवतात आणि वर काढताना चारही बाजूंना हलकेच हलवतात. पाणी गळतं, जाळीवर तंतूंचा थर राहतो. हा ओला ताव कापडावर उलटवून, दाबून, वाळवतात. शेवटी खळ किंवा तसाच काही लेप देतात, नाहीतर शाई फुटते. यंत्राच्या कागदात लगदा पट्ट्यावरून एकाच दिशेने धावतो, म्हणून तंतूही बहुतेक त्याच दिशेला निजतात. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं आणि आडवं फाडलं तर वेडंवाकडं, ते त्यामुळेच. हातकागदात तंतू चहूकडून एकमेकांत अडकलेले. त्याला उभं-आडवं नाही. म्हणूनच तो कोणत्याही बाजूला सारखाच दुमडतो, आणि कोणत्याही बाजूला सारखाच हट्टाने फाटायला नकार देतो.

फाडायचा असेल, तर आधी पाण्याची रेघ मारावी. साधा ब्रश ओला करून हवी त्या आकाराची रेघ दोन-तीनदा गिरवायची, कागदाला पाणी पिऊ द्यायचं आणि मग दोन्ही हातांनी हळूच बाजूला ओढायचं. तंतू तुटत नाहीत, एकमेकांतून सुटतात. काठावर बारीक लव येते, साच्यातून निघालेल्या तावाच्या कडेला असते तशी. ही कड हातकागदाचा सगळ्यात मोठा दागिना. दुकानातून महागाचा ताव आणून पहिल्यांदा त्याच्या चारही कडा पट्टी लावून सरळ कापणारे लोक पाहिले, की मला काठाची जर उसवून साडी नेसणारी बाई आठवते. अर्थात सगळ्यांना हे पटत नाही. मी पाण्याची रेघ मारून कागद फाडत असताना घरातल्या एका वडीलधाऱ्या मावशींनी विचारलंच, ‘अवं, कागद कायले फाडतं? कातर नाही का घरात?’

कातर असतेच, आणि ती लागतेही. घडी घालून कातरणं हे तर आपल्या हाडीमाशी आहे. पताकांच्या माळा, आकाशकंदिलाच्या करंज्या आणि झिरमिळ्या, मखराच्या कमानी, लग्नातलं बाशिंग. ही सगळी घडीची आणि कातरीची कला. तिला कधी कुणी कला म्हटलं नाही, एवढंच. शाळेच्या हस्तकलेत ती आली फ्रोबेलच्या बालवाडीच्या कल्पनेतून. त्याने एकोणिसाव्या शतकात मुलांसाठी कागदाच्या घड्या शिक्षणाचं साधन म्हणून वापरल्या. त्याच वाटेवरून मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी 1893 मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक लिहिलं आणि ते युरोपातल्या गणितज्ञांच्या हाती पोचलं. चिकटवहीचं वेड तर विलायतेत इतकं होतं, की मार्क ट्वेनने 1873 मध्ये आधीच गोंद लावलेल्या चिकटवहीचं पेटंट घेतलं. त्याच्या शंभर वर्षं आधी मेरी डिलेनी नावाच्या इंग्रज बाईंनी वयाच्या सत्तरीनंतर रंगीत कागद कातरून फुलं चिकटवायला सुरुवात केली. जवळजवळ हजार चित्रं झाली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

आता लोणार. आपल्या जिल्ह्यातल्या सहलीचं एकच पान करायचं असेल, तर ते लोणारचं करावं, कारण विवर ही मुळातच कागदाला जमणारी वस्तू आहे. बेसॉल्ट खडकात उल्का आदळून झालेला हा खळगा सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा, काठापासून तळ्यापर्यंत साधारण 150 मीटर खोल आणि तळ्याचा व्यास 1.2 किलोमीटरच्या आसपास. 1 सेंटिमीटरला 100 मीटर असं प्रमाण धरलं, तर पानावर 18 सेंटिमीटरचं विवर, त्यात 12 सेंटिमीटरचं तळं आणि दीड सेंटिमीटर खोली. चिकटवहीच्या मोठ्या पानावर हे बरोबर बसतं. अडचण एकच, दीड सेंटिमीटर जाडीचं पान वहीत मिटत नाही.

इथे कंदिलाची कातर कामी येते. करड्या रंगाचा पातळ हातकागद घ्यावा, 60 ते 80 जीएसएमचा. जाड घेतला तर आठपदरी घडीत आतले आणि बाहेरचे पदर सरकतात आणि काप चुकतात. 18 सेंटिमीटरचं वर्तुळ कापून ते तीनदा अर्ध्यात दुमडावं, म्हणजे पाचरीसारखा आठपदरी तुकडा होतो. टोकापासून 6 सेंटिमीटरवर पेन्सिलीने कमान आखावी. ती तळ्याची कड. त्या कमानीपासून बाहेरच्या काठापर्यंत 3 सेंटिमीटर उरतात. तेवढ्यात अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतराने कमानीसारखे पाच काप द्यावेत, एक डाव्या घडीकडून, पुढचा उजव्या घडीकडून, आळीपाळीने. कोणताही काप पलीकडच्या कडेपर्यंत जाऊ द्यायचा नाही, दाण्याएवढी जागा सोडायची. उलगडलं की सपाट जाळीदार चकती दिसते. मधल्या तळ्याचा भाग पानाला चिकटवायचा, बाहेरचा काठ मोकळा ठेवायचा. पान उघडून काठ बोटांनी वर उचलला, की कापांमधली जाळी ताणते आणि विवर तयार. सोडलं की पुन्हा सपाट.

घड्यांच्या खुणा इस्त्रीने काढू नयेत. मध्यातून काठाकडे गेलेल्या त्या आठ रेषा विवराच्या उतारावरच्या ओघळींसारख्या दिसतात, अशी मी माझी समजूत करून घेतली आहे. तळं मात्र दोन रंगांचं करावं. खाली हिरवी चकती, कारण शेवाळामुळे पाणी एरवी हिरवट असतं. तिच्यावर एका बाजूने बिजागरीसारखी घडी देऊन गुलाबी चकती. 2020 च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं आणि सगळ्या देशाने फोटो पाहिले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मीठ मानवणारे सूक्ष्मजीव माजले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत निघालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत गेलं. गुलाबी चकती उचलली की खाली हिरवं तळं, आणि चकतीच्या पाठीवर या दोन नोंदी पेन्सिलीने. स्केचपेन नको. घरी मिक्सरमधून केलेल्या कागदाला खळीचा लेप नसेल, तर त्यावर स्केचपेन हमखास पसरतं.

सिंदखेड राजाचं पान याहून सोपं. लखुजींच्या समाधीच्या कमानी मध्यभागी दुमडून अर्धीच कमान कातरली की दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात. इथे दगडाचा भास हवा, म्हणून कागद जाड असला तरी चालेल. जाड ताव मात्र नुसता दुमडला तर घडीवर पृष्ठभाग तडकतो. आधी पट्टी धरून रिकाम्या रिफिलने खोल रेघ ओढायची, रेघेवर ओलं बोट फिरवायचं, मग घडी घालायची आणि चमच्याच्या पाठीने दाबायची.

डिंकाचं प्रकरण नाजूक आहे. जुने बाइंडर मैद्याची खळ वापरत आणि कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद टाकत. खळ चांगलीच, पण मोरचूद विषारी, मुलांच्या हाती देऊ नये. खळ असो की फेविकॉल, दोन्हींत पाणी असतं. ओला हातकागद फुगतो आणि वाळताना आकसतो, खालचं पानही सोबत ओढतो. म्हणून तुकड्याला सगळीकडे नव्हे, कडेने बारीक पट्टीत डिंक लावावा, वर प्लॅस्टिकचा कागद ठेवून रात्रभर जड वह्यांखाली दाबावं. वर्तमानपत्राचं कात्रण मात्र फोटोला टेकेल असं लावू नये. त्यात लाकडाचं लिग्निन असतं. ते पिवळं पडतं आणि त्यातलं आम्ल शेजाऱ्यालाही डागाळतं. दोघांच्या मध्ये कापसाच्या कागदाची पट्टी ठेवली, तर फोटो बराच काळ सुरक्षित राहतो.

एवढी दोन-चार पानं केली, की वहीचं तोंड उघडं राहायला लागतं, कारण शिवणीच्या बाजूला पानं तेवढीच असतात आणि बाहेर मात्र थर वाढत जातात. त्यासाठी दर सजवलेल्या पानामागे शिवणीत दोन बोटं रुंदीची दुमडलेली पट्टी बांधून घ्यावी. खामगाव-शेगावकडे लग्नाचे अल्बम बांधणाऱ्या कुणालाही हे सांगितलं तर तो लगेच करून देईल. वही तयार आणली असेल, तर उलटं करावं, सजावटीची एक-दोन पानं सोडून मधलं पान दोन बोटं ठेवून कापून टाकावं. पहिल्या पावसाळ्यानंतर वही एकदा पूर्ण उघडून वाऱ्यावर ठेवावी, उन्हात नाही. खळीच्या वासाने कसर येते, ती बहुतेक तेव्हाच सापडते.