शरणपूरची पोरं

पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत ज्या गव्हर्नराच्या हौसेपायी उभी राहिली, त्या सर बार्टल फ्रियरचं नाव मोंबासाजवळच्या एका वस्तीलाही आहे: फ्रियरटाऊन. ती वस्ती वसवणाऱ्यांतले कित्येकजण आफ्रिकेत जन्मले, वाढले मात्र नाशकात.

गुलामांचा व्यापार म्हटलं की नांत बंदरातून सुटून अटलांटिक ओलांडणारी फ्रेंच जहाजं आठवतात. आपल्या समुद्रात हेच काम अरबी गलबतं करत. फ्रान्सने 1848 मध्ये वसाहतींतली गुलामगिरी मोडली. पण फ्रेंच निशाणाच्या गलबताची झडती इंग्रजांना घेता येत नसे, म्हणून पुढेही गलबतवाले बेलाशक तेच निशाण चढवत. आरमाराच्या हाती लागलेल्या गलबतांतली माणसं मुंबईत उतरवली जात. त्यातल्या पोरक्या मुलांचं करायचं काय?

चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइसने 1850 च्या दशकात नाशिकबाहेर शरणपूर वसवलं. तिथल्या आश्रमात ही मुलं सुतारकाम, लोहारकाम शिकली, इंग्रजी आणि बायबल शिकली. नावंही नवी मिळाली: जेकब, मॅथ्यू, विल्यम. आसरा मिळाला, पण पुढे कुठे जायचं हे बहुधा दुसऱ्यांनीच ठरवलं.

आफ्रिकेतल्या 1866 च्या मोहिमेला प्रवासी-संशोधक लिव्हिंगस्टनने इथलीच नऊ पोरं नेली आणि रोजनिशीत त्यांच्या आळसावर मनसोक्त तोंडसुख घेतलं. जेकब वेनराइट मागाहून, 1872 मध्ये गेला. पुढच्या मे महिन्यात चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. सोबत्यांनी काळीज झाडाखाली पुरलं, देह मीठ भरून उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत गुंडाळला. प्रार्थना जेकबने वाचली, झाडाच्या बुंध्यावर अक्षरंही त्यानेच कोरली. महिनोन्‌महिने चालत त्यांनी तो देह किनाऱ्याला आणला. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत शरणपूरचा जेकब होता.

1873 मध्येच फ्रियरच्या खटपटीने झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. (त्याच साली पुण्यात जोतीरावांची ‘गुलामगिरी’ निघाली, अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलेली.) प्राइस मोंबासाला गेला, शरणपूरची माणसंही तिकडे गेली. त्यांतला विल्यम जोन्स 1885 मध्ये पाद्री झाला. राबाईच्या मिशनवर त्याने मालकांकडून पळालेल्या गुलामांना खुशाल थारा दिला. मालक चवताळले, तेव्हा ब्रिटिश कंपनीने पैसे मोजून 1889 च्या आरंभी सुमारे 1,400 जणांना मोकळं केलं. भरपाई अर्थात मालकांना मिळाली.