ट्रक ड्रायव्हरची झोप कुठल्या रकान्यात लिहायची?

आजचा प्रश्न साधा आहे. ट्रकचा अपघात झाला, की त्याचा आकडा बनतो कसा?

२०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालातले आकडे. पण मोजणी सुरू होते पोलिसांच्या नोंदीपासून. त्यासाठी आता आयरॅड नावाचं ॲप आहे, आयआयटी मद्रास आणि एनआयसीने बनवलेलं. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्रही होता. पोलीस जागेवरूनच फोटो, लोकेशन आणि गाड्यांची माहिती भरतात.

आता गल्लत कुठे होते बघा. ट्रकने कुणाला उडवलं, हा एक आकडा. ट्रकमधलं कोण गेलं, हा दुसरा. बातमीत दोन्ही ‘ट्रक अपघात’च! ड्रायव्हरचा जीव किती धोक्यात आहे, हे फक्त दुसरा आकडा सांगतो.

शिवाय भागायचं कशाने? गाड्यांच्या संख्येने भागलं, तर ट्रक फारच धोकादायक वाटतो. पण तुमची स्कूटी महिनाभरात जेवढी फिरते, तेवढं लांब पल्ल्याचा ट्रक एका दिवसात जाऊ शकतो. म्हणून किलोमीटरचा हिशोब हवा.

सगळ्यात मोठी मेख कारणाच्या रकान्यात आहे. अहवालातल्या नियमभंगाच्या तक्त्यात अतिवेग, दारू, उलट्या बाजूने गाडी चालवणं, सिग्नल तोडणं, मोबाईल आणि ‘इतर’ आहे. झोप नाही. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हे ‘इतर’ चांगलंच ओळखतो. ड्रॉपडाउनमध्ये पर्याय नसला, की खरं उत्तर तिथे जाऊन लपतं. दारू मशीनवर फुंकून कळते, झोप कळत नाही. आणि ड्रायव्हरच गेला, तर विचारणार कुणाला?

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती; तो कायदा २०२५ पर्यंत लागू होता. मग अपघाताच्या नोंदीत आधीच्या २४ तासांचा हिशोब का नको? टोलनाक्यांवरच्या फास्टॅगच्या वेळा जोडल्या, तरी गाडी किती वेळ थांबली याचा अंदाज येईल. ड्रायव्हर एक होता की दोन, तेही विचारायला हवं.

कारण ‘अतिवेग’ लिहिलं, की उपाय निघतो दंड. ‘झोप’ लिहिलं, तर विश्रांतीची जागा आणि डिलिव्हरीची वेळ, दोन्हीवर बोलावं लागेल.

पुढच्या वेळी हायवेवर ट्रक दिसला, की हे आठवा. भेटू पुढच्या भागात!