विश्लेषण : फोन लोगोवरच का अडकतो?

ताडोबातल्या व्याघ्रगणनेच्या नोंदी ‘एम-स्ट्राइप्स’ ॲपमध्ये जातात, अंगणवाडीतल्या बाळांची वजने ‘पोषण ट्रॅकर’मध्ये. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात नोंदवही आता फोनमध्येच आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी फोन लोगोवरच अडकला तर? तो नेमका कुठे अडतो?

बूटलोडर म्हणजे काय?

बटण दाबल्यावर आधी बूटलोडर हा छोटा प्रोग्रॅम चालतो. अँड्रॉइडचा गाभा असलेला लिनक्स कर्नेल तो मेमरीत ठेवतो आणि त्याला माहिती पुरवतो : मेमरी किती, कोणते भाग जोडलेले आहेत, कोणत्या सूचना पाळायच्या. हेच बूट पॅरामीटर.

कर्नेल काय तपासतो?

६४ बिट एआरएम प्रोसेसरच्या फोनमध्ये सुट्या भागांची यादी ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या फाइलमधून येते. तिच्या सुरुवातीला ठरलेला ओळखक्रमांक आहे का, ती २ एमबीपेक्षा मोठी तर नाही ना, मेमरीतल्या तिच्या पत्त्याला ८ने भाग जातो का, हे कर्नेल पाहतो. यात चूक आढळली तर तो तिथेच थांबतो. चुकीच्या यादीवर विसंबून चुकीच्या जागी लिहिण्यापेक्षा थांबणे बरे. पडद्यावर मात्र लोगो तसाच राहतो. एखादे अनोळखी पॅरामीटर आले तर मात्र तो थांबत नाही; ते पुढच्या प्रोग्रॅमकडे सोपवतो.

रंगांचा अर्थ काय?

सॉफ्टवेअर अस्सल आहे का, हे बूटलोडर डिजिटल सहीवरून तपासतो आणि निकाल पॅरामीटरमधून पुढे कळवतो. हिरवा म्हणजे कंपनीचे मूळ सॉफ्टवेअर, पिवळा म्हणजे वापरकर्त्याने बसवलेल्या किल्लीने तपासलेले, नारिंगी म्हणजे बूटलोडरचे कुलूप उघडे. लाल असल्यास फोन सुरूच होत नाही.

काय करावे?

लोगोवर अडकण्यामागे अर्धवट अपडेट किंवा बिघडलेला सुटा भागही असू शकतो. आधी पॉवर बटण दाबून धरून फोन सक्तीने रीस्टार्ट करावा. ‘फ्लॅश मारून देतो’ म्हणणाऱ्याला डेटाचे काय होणार, हे आधी विचारावे. बूटलोडरचे कुलूप उघडताना फोनमधला डेटा पुसला जातो. खरी काळजी त्याआधीची : रेंज मिळताच नोंदी सर्व्हरवर पाठवाव्यात. पुसलेल्या फोनमधून त्या परत मिळत नाहीत.