न हटणारा खोकला आणि फुप्फुसातले बारीक ठिपके

ठाकुर्लीत कुणाचा कोरडा खोकला वर्षानुवर्षं हटेना, की बोट आधी डोंबिवली एमआयडीसीच्या धुराकडे जातं, मग दम्याकडे. बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण पन्नाशी-साठीतल्या, कधीही सिगारेट न ओढलेल्या महिलेला पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर ‘डिपनेच’ या दुर्मीळ आजाराचा विचार व्हायला हवा.

श्वासनलिकांच्या अस्तरात न्यूरोएंडोक्राइन पेशी तुरळक असतात. या आजारात त्या कारण न कळता वाढतात. त्यांच्या स्रावांमुळे बारीक नलिका आकसतात. म्हणून खोकला आणि धाप. 1992मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 6 रुग्णांच्या नोंदींवरून हा आजार प्रथम वेगळा ओळखला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो कर्करोगपूर्व अवस्थेत मोडतो.

निदानाची किल्ली सीटी स्कॅनमध्ये आहे. एचआरसीटी, म्हणजे बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन, श्वास भरून तर काढतातच. इथे श्वास सोडूनही काढावा लागतो. हवा बाहेर गेली की निरोगी फुप्फुस करडं दिसतं, पण आकसलेल्या नलिकांमागे हवा अडकते आणि तो भाग काळाच राहतो. असे काळे-करडे पट्टे आणि दोन्ही फुप्फुसांत विखुरलेल्या बारीक गाठी एकत्र दिसल्या, की संशय बळावतो. आपल्याकडे असे ठिपके क्षयाचेही असतात आणि दुसरीकडून पसरलेल्या कर्करोगाचेही. म्हणून पक्कं निदान फुप्फुसाचा तुकडा तपासूनच होतं. दुर्बिणीतून घेतलेला तुकडा कधी अपुरा पडतो; मग छोट्या शस्त्रक्रियेने घ्यावा लागतो. अस्तर ओलांडलेल्या पेशींची गाठ 5 मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर ट्यूमरलेट, 5 किंवा अधिक असेल तर कार्सिनॉइड.

कार्सिनॉइड हाही कर्करोगच, पण या आजारात तो बहुधा अतिशय सावकाश वाढतो. त्यामुळे प्रत्येक गाठ कापायची नसते. त्रास कमी असेल तर ठरावीक अंतराने स्कॅन आणि श्वासाची चाचणी पुरते. खोकल्यासाठी पंप देतात. त्याने भागलं नाही, तर ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचं साधारण महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन बऱ्याच जणांना आराम देतं. एखादी गाठ वाढत गेली, तर शक्य तितकं फुप्फुस राखून तेवढीच काढतात.

असे निर्णय एकट्या डॉक्टरचे नसतात. छातीविकारतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि सर्जन एकत्र बसतील असं ठिकाण गाठावं. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय 1941पासून कर्करोगाचं काम करतं आहे आणि ठाकुर्लीची स्लो लोकल परळला थांबते.

जाताना जुन्या स्कॅनच्या सीडी सोबत न्या, नुसते रिपोर्ट नव्हे. गाठ वाढली की होती तशीच आहे, हे जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवूनच ठरतं, आणि पुढचा सगळा उपचार त्यावर अवलंबून असतो.